चौथी झोपायची खोली

१२ सप्टेंबर, शुक्रवार

ही वही जूनमध्ये घेतली. व्हरमाँटमधल्या एका पेट्रोल पंपावर, चिप्सच्या पाकिटांशेजारी पडली होती म्हणून. रोज लिहायचं ठरवलं होतं. आज पहिलं पान! मधल्या काळात तिच्यावर कॉफीचे कप ठेवले, पत्ते खेळताना गुण मांडले आणि ती पानं फाडून टाकली, एकदा तर गाडी सरकू नये म्हणून टायरखाली सारली. आता लिहितेय कारण बाहेर पाऊस आहे, बटाट्याच्या शेतावर सुट्टी आहे, आणि समोर ओदील मावशी (काढणीपुरती तिच्याच घरी राहतेय मी) एका कागदावर चौकोन काढतेय. खोडतेय. पुन्हा काढतेय. तिच्याकडे बघत बसण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

चौकोन म्हणजे घराला लागून असलेली लाकडं ठेवायची पडवी. तिची खोली करायचीय. आर्मां काकांसाठी.

काका मे महिन्यात छपरावरून पडले. खुब्याचं हाड. दोनदा ऑपरेशन झालं, तरी चाकाची खुर्ची सुटली नाही. तेव्हापासून खाली बँगोरच्या एका केअर सेंटरमध्ये आहेत. सेंटरवाल्या बाई म्हणतात, घरी सोडू, पण तळमजल्यावर झोपायची खोली हवी, रुंद दाराचं न्हाणीघर हवं, आणि गावानं ते पास केलेलं हवं. ऑक्टोबर संपायच्या आत. नाहीतर तिथली त्यांची जागा दुसऱ्याला, आणि काका आणखी दक्षिणेला, समुद्राकडच्या कुठल्यातरी मोठ्या संस्थेत. मावशी बँगोरपर्यंत गाडी नेते तीच दोन्ही हातांनी चाक आवळून. त्यापुढे ती जाणार नाही. म्हणजे काका गेल्यातच जमा. हे ती बोलत नाही. चौकोन काढते.

मी काढणी संपली की जाणार. फ्लोरिडात संत्र्यांचं काम मिळतं म्हणे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज मावशीबरोबर गावकचेरीत गेले. तिला एकटीला लाज वाटत होती! गावात सगळ्यांना माहीत आहे, आर्मां थेरियोनं जन्मात कुणाला विचारून खिळा ठोकलेला नाही. घर स्वतः बांधलं, वरचा मजला स्वतः चढवला, गॅरेज चढवलं, एकदा पाडलं, पुन्हा चढवलं. "जमीन माझी, हातोडी माझी, मग गावाचं काय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. या खोऱ्यात सगळ्यांचंच ते वाक्य आहे.

खिडकीमागे बर्नाडेट. ती कुत्र्यांचे परवाने देते, लग्नाचे देते, आणि बांधकामाचेही.

मावशी म्हणाली, "बांधकामाचा अर्ज."

बर्नाडेट म्हणाली, "कुणाच्या घरासाठी?"

"आमच्या."

बर्नाडेटनं चष्मा काढला. "आर्मांच्या घरातून परवाना? थांब ग बाई, मला बसू दे आधी."

मावशी हसली नाही. मग बर्नाडेटही हसायची थांबली. "कसा आहे गं तो?" असं हळूच विचारलं. मावशी म्हणाली, जेवणाला नावं ठेवतो. "मग बराय," बर्नाडेट म्हणाली, आणि चौकोनाचा कागद उलटासुलटा करून बघितला. दार कुठाय? खिडकी कुठाय? तिथून जमिनीची हद्द किती लांब? मावशीला खिडकी आठवली होती, हद्द नाही. घरी येऊन आम्ही दोघी दोरी घेऊन अंगणात. दोरी मध्येच संपली. मी आणखी दोरी आणायला म्हणून समोरच्या क्लोव्हिसच्या कोठारात गेले, तिथे मांजरीला पिल्लं झाली होती. दोरी अंधार पडल्यावर आठवली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बांधकामाचा तपासनीस येऊन गेला. वेंडेल हॅस्किन्स. पाच गावांना मिळून एकच, म्हणून मंगळवार आणि गुरुवारच इकडे. खोऱ्यातला नाही, इंग्रजी बोलणारा; इथले सगळे घरात फ्रेंच बोलतात. उंच, ओला कोट, आवाज कधी चढत नाही. जोडे दारात काढले, ते मावशीला आवडलं. पडवी बघितली, ठीक म्हणाला. मग म्हणाला, वर जाऊ का?

मावशीचा चेहरा उतरला. वर सगळं काकांच्या हातचं. जिन्याचा कठडा हलतो, एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे. वेंडेल त्या पायरीला अडखळला. खोल्या बघितल्या. मावशीची, सोलांजची (ती मावशीची मुलगी, डेन्व्हरला असते), आणि जिन्यासमोरची लहान, जिच्यात सध्या मी.

"झोपायच्या खोल्या तीन," तो म्हणाला. "खाली झाली की चार."

"मग?"

"तुमची मैल्याची टाकी तीन खोल्यांची आहे. टाकी केवढी हवी ते झोपायच्या खोल्यांवर ठरतं. चार करायच्या तर मोठी टाकी पुरावी लागेल. अंगण उकरून."

मावशी म्हणाली, "पण माणसं दोनच आहेत हो! मी आणि तो."

"मी घर बघतो, बाई. माणसं येतात-जातात."

आता अंगण उकरायचं तर बर्फ पडेपर्यंत उकरतच बसणार. मावशी खाटेच्या कडेवर बसली. माझ्या खाटेच्या. वेंडेलनं भिंतीकडे बघत सांगितलं, एखाद्या खोलीत खाट नसेल, कपाट नसेल, दार नसेल, तर ती झोपायची खोली धरत नाहीत. शिवणाची म्हणा. पुस्तकांची म्हणा.

दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही. फार सभ्यपणे बघितलं नाही!

१९ सप्टेंबर

माझी खोली आता शिवणाची आहे. दार बिजागऱ्यांवरून काढून गॅरेजात. खाट क्लोव्हिसच्या कोठारात, मांजरी खूश. मी दिवाणखान्यातल्या कोचावर. कोचाला कायदा नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

परवाना मिळाला! पिवळं जाड कार्ड, रस्त्यावरून दिसेल असं खिडकीला लावायचं. मावशीनं काच पुसून लावलं. दुपारभर गाड्या हळू होत होत्या. काही तर थांबून वाचत होत्या. मावशी पडद्यामागून — "बघ, फेर्नांच्या बायकोनं दुसरी चक्कर मारली."

काल वेंडेल आला होता ते लिहायचं राहिलं. मावशी फोनवर सेंटरवाल्या बाईंशी बोलत होती म्हणून मलाच सगळं सांगत होता. आधी काय, मग काय, कधी बोलवायचं. मी मान हलवत होते. खिडकीतून हंस जात होते, नदीवरून, शेकडो, आणि एक सगळ्यांच्या मागे राहिला होता, तो गाठतो की नाही ते बघत होते. गाठलं त्यानं. वेंडेल म्हणाला, "कळलं ना?" मी म्हटलं, "हो हो."

क्लोव्हिसनं सांगाडा उभा करायला घेतलाय. क्लोव्हिस म्हणजे समोरचा शेजारी, काकांचा बालमित्र, दोघांनी एकमेकांची घरं बांधलीत. काम करताना काकांना शिव्या देतो. "हा खांब बघ! वाकडा! चाळीस वर्षं वाकडा, आणि मला शिकवतो!"

२८ सप्टेंबर

दिवसभर काढणी. यंत्राच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहून दगड वेचायचे, बटाटे जाऊ द्यायचे. डोळे मिटले तरी बटाटे सरकतात.

१ ऑक्टोबर, बुधवार

वायरमननं वायरी ओढल्या, नळवाल्यानं नळ. पडवी आता सांगाड्यासारखी, बरगड्यांतून पलीकडचं दिसतं. मावशी तिच्यात मधोमध खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, इथे खाट. म्हणजे सकाळी त्याला नदी दिसेल. मग उठून खुर्ची जरा डावीकडे सरकवली. "इथून जास्त दिसते."

४ ऑक्टोबर, शनिवार

काय दिवस! मावशी पहाटेच बँगोरला गेली, काकांना भेटून उद्या येणार. तिची गाडी वळणाआड झाली नाही तोच क्लोव्हिस दारात. मागे सहा-सात जण. कमरेला अवजारांचे पट्टे, हातात करवती, टेम्पोत जिप्सम बोर्डांची चळत.

"पोरी, इर्जिक आहे. तोंड बंद ठेव आणि कॉफी टाक."

इथे त्याला कॉर्वे म्हणतात. एखाद्यावर वेळ आली की सगळ्यांनी न सांगता जायचं आणि एका दिवसात काम उभं करायचं. मी याविषयी आईकडून ऐकलं होतं, बघितलं नव्हतं. फेर्नांची बायको बीन्सचं पातेलं घेऊन आली, कुणी पाई आणले. मला प्लॉय टाकायला बसवलं. कुट्टूच्या पिठाची ही धिरडी, एकाच बाजूनं भाजायची, वरून जाळी पडली पाहिजे. माझ्या पहिल्या चारांना जाळी पडली नाही. "कुत्र्याला घाल," असं एकजण म्हणाला. "कुत्र्यानं काय केलंय?" दुसरा.

बरगड्यांत थंडी अडवायचा कापूस भरला, वर बोर्ड, बोर्डावर स्क्रू. मीही स्क्रू मारले! संध्याकाळपर्यंत पडवीची खोली झाली. भिंती पांढऱ्या, कोपरे नीट. क्लोव्हिसनं आत जाऊन हाक मारली, आवाज घरासारखा आला. जाताना कुणी आभार मानू दिले नाहीत. फेर्नां म्हणाला, "आर्मांनं माझं छप्पर केलं होतं, भर जानेवारीत."

मी खोलीत जाऊन जमिनीवर आडवी झाले. नदी दिसते खरंच.

५ ऑक्टोबर, रविवार

मावशी आली. पर्स हातात, तशीच दारात उभी. भिंतीला हात लावला. रडली. मग रुमालानं नाक पुसत म्हणाली, "वेंडेल कधी येऊन गेला? तो मंगळवारी येणार होता ना, आतल्या वायरी बघायला?"

तेव्हा मला हंस आठवले. आणि हंसांबरोबर वेंडेल काय म्हणत होता तेही, एकेक शब्द. *मी बघेपर्यंत भिंत झाकायची नाही.*

मावशीला सांगितलं. तिनं पर्स टेबलावर ठेवली. "चहा टाकते," म्हणाली. टाकला नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

वेंडेल खोलीत शिरला आणि थांबला. पोरांनी फार सुबक काम केलंय, म्हणाला. मनापासून म्हणाला, ते जास्त लागलं.

मावशीनं समजावून बघितलं. शेजाऱ्यांनी केलं. प्रेमानं केलं. इथे असंच करतात. आत सगळं ठीक आहे, वायरमननं केलंय, नळवाल्यानं केलंय. "तुम्हाला काय खोटं वाटतं का आमचं?"

"नाही वाटत."

"मग?"

"मी भिंतीच्या आत बघू शकत नाही, बाई. आत काय आहे ते बघितल्याशिवाय सही केली, आणि तुमचे यजमान इथे झोपले, खुर्चीवरचा माणूस, स्वतःहून उठून पळू न शकणारा..." जोडे घातले. उघडा, पुढच्या मंगळवारी बघतो, म्हणाला.

मावशी खिडकीतल्या कार्डाकडे बघत होती. बघेपर्यंत झाकू नका, हे कार्डावर छापलेलंच होतं म्हणे. पण छापलेली बाजू रस्त्याकडे. सगळ्या गावानं वाचली, आम्ही सोडून.

म्हटलं, मावशी, चूक माझी. ती म्हणाली, "तुझी कशी? मीही एकदा बाहेर जाऊन वाचायला हवं होतं." मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

८ ऑक्टोबर

क्लोव्हिसला सांगायला मावशीनं मला पाठवलं. तो ट्रॅक्टरखाली होता. सांगून झालं तरी बाहेर आला नाही.

"उघडायचं म्हणजे?"

"बोर्ड काढायचे. फक्त वायरीपुरते नाही, सगळे."

"आम्ही लावलेले."

"हो."

"त्या कोटवाल्यासाठी."

"काकांसाठी," म्हटलं.

पाना आपटल्याचा आवाज आला. "आर्मां असता तर त्यानं त्या माणसाला फाटकातच हाकललं असतं. ओदीलला सांग, पाडायचं तर स्वतः पाड. मी लावायला येतो, पाडायला नाही."

हेच शब्द मावशीला सांगावेत की थोडे बदलून, याचा विचार करत रस्ता ओलांडला. बदलले नाहीत.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आम्ही दोघींनी पाडलं. मावशीनं काकांची कटावणी घेतली, डोक्याला फडकं बांधलं. पहिला बोर्ड काढताना तिचा हात उठेना. मग एकदा उठला तो थांबला नाही. बोर्ड अख्खे निघत नाहीत, तुकडे होतात. पांढरी धूळ सगळीकडे, केसांत, चहात. समोरच्या घराचा पडदा हलत होता. फेर्नांची गाडी आली, हळू झाली, निघून गेली. कुणी हात केला नाही.

खिडकीखालच्या भिंतीत मला एक गोष्ट दिसली. मावशीला हाक मारली. एक स्क्रू लाकडाला चुकून वायरीत शिरला होता. मधोमध. वायरीचं साल फाटून तांबं दिसत होतं. बरोबर तिथे, जिथे खाट येणार.

मावशीनं वाकून बघितलं. मग कटावणी खाली ठेवून बाहेर पायरीवर जाऊन बसली.

तो स्क्रू माझाही असू शकतो. त्या बाजूला मीही होते.

१० ऑक्टोबर

क्लोव्हिस आला. बोलवलं नव्हतं. मावशीनं बोट दाखवलं. त्यानं चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं.

"हा स्क्रू माझा नाही," म्हणाला. "मी असा तिरका मारत नाही."

आणि गेला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

वायरमननं वायर बदलली. वेंडेलनं विजेरी घेऊन एकेक बरगडी बघितली, मग कार्डावर पहिली सही केली. "आता झाका." मावशीनं त्याला स्क्रूविषयी सांगितलं नाही. मीही नाही. जुना वायरीचा तुकडा मात्र खिडकीच्या चौकटीवर पडला होता, तो त्यानं उचलला, बघितला, परत ठेवला.

काढणी संपली. मालकानं शेवटच्या दिवशी सगळ्यांना बटाट्याचं एकेक पोतं दिलं. पोतं घेऊन फ्लोरिडाला कशी जाऊ?

१९ ऑक्टोबर, रविवार

कालपासून क्लोव्हिस एकटाच बोर्ड लावतोय. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, मला तर नाहीच. प्रत्येक स्क्रूआधी भिंतीवर पेन्सिलनं खूण. जेवायला आत येत नाही. मावशी ताट पडवीत नेऊन ठेवते. रिकामं ताट बाहेर येतं. बोलणं नाही.

आज शेवटी बोलला. "दाराची रुंदी पुरते की नाही, खुर्ची आणून बघितली का?" मावशी म्हणाली, खुर्ची त्याच्याकडे आहे, बँगोरला. मग क्लोव्हिसनं स्वयंपाकघरातली खुर्ची आडवी धरून दोनदा आत-बाहेर केली. स्वतःच चाकांचा आवाज काढत होता. मावशी हसली. पुष्कळ दिवसांनी.

२६ ऑक्टोबर, रविवार

काकांचा फोन. मावशीनं सगळं सांगितलं, रंग कुठला, नळ कुठला. काका भलतंच विचारत होते. खोली लांबीला किती? रुंदीला? खाटेच्या पलीकडे जागा उरते का? त्यात दोन खुर्च्या एका वेळी वळतील का?

"दोन कशाला?" मावशी म्हणाली. "तू एक, मी माझ्या पायांवर."

काका म्हणाले, सहज विचारलं. परवाना-बिरवाना कशाला काढत बसलीस, मला विचारायचं होतंस! मावशीनं फोन कानापासून लांब धरला. मला ऐकू यावं म्हणून.

ठेवल्यावर म्हणाली, "चिडका झालाय. म्हणजे बराय."

२९ ऑक्टोबर, बुधवार

सगळं तयार. वेंडेल उद्या गुरुवार म्हणून येणार, शेवटची सही. सेंटरची गाडी त्यानंतर दुपारी. सेंटरवाल्या बाईंनी फोनवर सांगितलं, कागद दुपारपर्यंत आला तरी चालेल. सही पुढच्या मंगळवारवर गेली असती तर चाललं नसतं.

मावशीनं खोलीत एक खाट लावली, पांढरी चादर, पायाशी घोंगडी. ती एकच खाट खोलीत मोठी दिसत होती. मी सामान बांधलं. उद्या काका आले की निघेन, असं म्हटलं. मावशी म्हणाली, जेवून जा. बटाट्याचं पोतं इथेच ठेव.

३० ऑक्टोबर, गुरुवार

गाडी दुपारची होती, सकाळीच आली! वेंडेल स्वयंपाकघरात बसलाय, पुढ्यात प्लॉय आणि काकवी, कार्ड टेबलावर, पेनचं टोपण काढलेलं, सही अजून नाही. गाडीची मागची फळी खाली आली, काका उतरले, टोपी वाकडी, मावशी धावली. मी फळी वर ढकलायला गेले तर ड्रायव्हर म्हणाला, थांब, अजून एक आहे. दुसरी खुर्ची उतरली. तिच्यात एक बारीक म्हातारा, मांडीवर कागदी पिशवी. काका म्हणाले, "हा एल्झेआर. माझ्या शेजारच्या खाटेवरचा. सेंटरमधून स्वतःच्या सहीनं निघालाय, याला जायला कुठे जागा नाही, म्हटलं चल." म्हाताऱ्यानं टोपी काढली.

मी दारात उभी राहून लिहितेय. वेंडेलनं पेन खाली ठेवलंय, बोटांवर झोपायच्या खोल्या मोजतोय. आणि काका अंगणातूनच ओरडून विचारतायत, दुसरी खाट कुठाय?